एका नळीचे तीन आकडे

साकोलीजवळच्या एका गावातील धानाच्या बांध्या नोंदवहीत लिहिल्याप्रमाणे खरोखर सुकल्या होत्या का, एवढाच प्रश्न मला सोडवायचा होता.

बांधी म्हणजे भोवती धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेला शेताचा तुकडा. धानात पाणी सतत साचून राहिले की चिखलातून मिथेन वायू निघतो आणि वातावरण तापते. म्हणून बांधी मधूनमधून सुकवायची, असा प्रकल्प होता. निधी एका परदेशी बँकेचा, नियम दुसऱ्या देशातील संस्थेचे, प्रमाणपत्र तिसऱ्या संस्थेचे. त्या तिसऱ्या संस्थेसाठी मी पडताळणी करीत असे. प्रत्येक बांधीत एक सच्छिद्र नळी पुरलेली असते. तिच्यात पाणी जमिनीखाली वीतभर उतरले की बांधी सुकली असे मानतात.

नोंदी ठेवणाऱ्या शेवंताबाईंच्या वहीत लागून असलेल्या तीन बांध्यांचे आकडे हंगामभर तंतोतंत सारखे होते. आकडे घरी बसून भरले असावेत, असा मला संशय आला.

माझ्या संस्थेतील साहेबांना फोन केला.

"फॉर्म कम्प्लीट आहे ना? मग सही करा. सोमवारी तिन्ही संस्थांची मीटिंग आहे."

"आकडे संशयास्पद आहेत."

"मग त्या बाईंना काढून टाका. पण सोमवारच्या आत."

मी बाईंना शेतावरच गाठले. "तिन्ही नळ्या पाहता?"

"नाही जी. वरचीच पाहतो."

"मग बाकीचे आकडे?"

"तलावाचं पानी वरच्या बांधीतून मधल्या बांधीत, तिथून खालच्या बांधीत उतरते. पानी एकच, तं तीनदा कायले मोजाचं? कागदावर तीन रकाने होते, म्हून तीनदा लिवलं."

बाजूला धुऱ्यावर उभे असलेले त्यांचे दीर हसले. "वहिनी, या साहेबाले वाटलं, तू खाटेवर बसून लिवत होती."

"खाटेवर बसाले सवड कोन देते, भाऊजी?"

मी मोजपट्टी घेऊन बांधीत उतरलो. वरच्या नळीत पाणी वीतभर खाली होते. मधल्या नळीत चारच बोटे खाली. खालच्या बांधीत तर माझा पाय घोट्यापर्यंत बुडाला. वरचे पाणी झिरपून तिथेच साचत होते. बाईंनी ते पाहिले आणि हळूच विचारले, "आता माहं काम जाते का जी?"

मी अहवालात लिहिले : नोंद खोटी नाही, मोजण्याची रीत चुकली. वरची बांधी मान्य, खालच्या दोन अमान्य. शेवंताबाईंना कामावर ठेवावे, नळ्या तिन्ही मोजाव्यात. साहेब म्हणाले, "मीटिंगचा सगळा विचका केलात." प्रमाणपत्र अडले. बाईंचे काम राहिले.

तिन्ही संस्थांनी एकमेकींचे कागद काळजीपूर्वक तपासले होते. चिखलात कोणीच उतरले नव्हते. आपल्या भागात असा प्रकल्प असेल, तर अहवालावर, माझ्यासुद्धा, विसंबू नका. सर्वांत खालच्या बांधीत जाऊन पट्टी स्वतः घालून पाहा.