चार नंबरवर चालतं

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या ऑफिसात, खिडकीपासून दुसऱ्या टेबलाच्या वर, दोन खिळ्यांना नायलॉनची दोरी ताणून बांधली होती आणि तिला कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे अडकवलेले असत. नव्या माणसाला वाटायचं, इथे कोणी रुमाल वाळवतं की काय. पण त्या दोरीवर सगळं ऑफिस चालायचं. दोरीच्या वर भिंतीवर एक ते सात आकडे चिकटवले होते. प्रत्येक आकडा म्हणजे चाचणीसाठी ठेवलेला एक डेटाबेस. ज्याला त्यात काही बदल करायचा असेल त्यानं आपल्या रंगाचा चिमटा त्या आकड्याखाली लावायचा, काम करायचं, चिमटा काढायचा आणि टेबलाशी बसलेल्या बाईला सांगायचं. मग ती वहीत लिहायची: कोणी, कधी, काय.

ती बाई म्हणजे ताई. वय सत्तेचाळीस, नोकरी एकोणीस वर्षं. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ताई. साहेब तिच्याहून सहा वर्षांनी मोठे, तरीही.

कंपनी रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायची. लॅबला एखादी नवी माहिती ठेवायची असली, की प्रोग्रामर कोड लिहीत आणि डेटाबेसच्या टेबलात, म्हणजे माहितीच्या तक्त्यात, त्यासाठी एक रकाना वाढवत. तोच रकाना सातही ठिकाणी वाढायला हवा, कारण सॉफ्टवेअर तपासून पाहणारे तपासनीस सात गटांत बसत आणि प्रत्येक गटाचा डेटाबेस वेगळा. यात अवघड काही नव्हतं. फक्त माणसं विसरत. कोणी चिमटा लावायला विसरे, कोणी काढायला. कोणाचा दोन नंबरवर बदल करून पाच नंबरवर करायचा राहून जाई. आणि नवी आवृत्ती निघायच्या आदल्या शुक्रवारी ताई वही उघडून, चष्मा नाकावर घेऊन, सातही डेटाबेस हातानं एकसारखे करत बसे. त्या दिवशी तिच्याशी कोणी बोलत नसे. चहासुद्धा न विचारता ठेवून जात.

एवढं करूनही ते एकसारखे होत नसत. सॉफ्टवेअरची एखादी टेस्ट एका ठिकाणी पास होई, दुसरीकडे नापास. मग प्रोग्रामर खांदे उडवून म्हणत, ‘चार नंबरवर चालतं.’ हे वाक्य ऑफिसात इतकं रुळलं होतं की कोणाची स्कूटर सुरू होत नसली तरी बाकीचे विचारत, चार नंबरवर लावून पाहिलीस का.

ताईला मात्र त्याचं हसू येईनासं झालं होतं. प्रोग्रामर आपला कोड एका सामाईक ठिकाणी ठेवत, त्याला ते रेपो म्हणत. तिथे प्रत्येक ओळ कोणी, कोणत्या दिवशी, कशासाठी बदलली याची नोंद आपोआप राहते आणि हवी ती जुनी आवृत्ती परत काढता येते. कोडचे एवढे लाड, आणि टेबलांनी काय पाप केलंय, हा प्रश्न तिच्या डोक्यात एकदा शिरला तो निघेना. तिनं ठरवलं, टेबलांमधला प्रत्येक बदलसुद्धा एक छोटी फाइल म्हणून त्याच रेपोत जाईल. फाइलीला क्रमांक असेल. कोणी माणूस त्या फाइली चालवणार नाही. एक यंत्रणा रेपोवर नजर ठेवेल, नवी फाइल आली की सातही ठिकाणी क्रमानं चालवेल, आणि कोणता डेटाबेस कितव्या क्रमांकापर्यंत पोचला हे स्वतःच लिहून ठेवेल.

आठ महिने ती यामागे होती. ऑफिसात शुक्रवार सोडून रोज एक तास, घरी जेवणाच्या टेबलावर दीड. समोर मुलगी गणितं सोडवायची, शेजारी नवरा वर्तमानपत्र वाचायचा. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. त्याला डेटाबेस काय ते धड कळत नव्हतं, पण काम कळत होतं. एकदा तिनं विचारलं, अहो, तुम्ही लिफ्ट दुरुस्त केली की काय करता? तो म्हणाला, प्रत्येक मजल्यावर थांबवून बघतो, तळापासून. मधल्याच मजल्यापासून सुरू केलं तर खाली काय बिघडलंय ते कसं कळणार? दुसऱ्या दिवशी ताईनं आपली सगळी योजना उलटी केली. आहेत ते डेटाबेस सुधारत बसायचं नाही. सगळं पुसायचं, आणि फाइल क्रमांक एकपासून नव्यानं उभं करायचं.

हे ऐकून साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांच्याकडे एक विक्रेता येऊन गेला होता. असंच काहीतरी करणारं तयार सॉफ्टवेअर तो विकत होता. ते घेतलं तर ताईचं टेबल उठणार, आणि ताई तळमजल्यावर, तक्रारी घेणाऱ्या फोनवर. साहेबांनी हे लपवलं नाही. ते म्हणाले, येत्या गुरुवारी सातही डेटाबेस तुमचे. चार वाजेपर्यंत सातही उभे, एकसारखे, आणि सगळ्या टेस्ट पास, तर तुमची पद्धत. नाहीतर विक्रेत्याला हो म्हणतो.

फोनवर बसण्यात कमीपणा आहे असं ताईला वाटत नव्हतं. पण आठ महिने पोटच्या पोरासारखी वाढवलेली गोष्ट दुसऱ्याच्या खोक्यापुढे हरावी, आणि आपण खाली बसून ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ म्हणावं, या कल्पनेनंच ती रात्री उठून पुन्हा फाइली तपासायची.

गुरुवारी दोन वाजता तिच्या टेबलाभोवती उभं राहायला जागा उरली नाही. अगदी पुढे, खुर्ची ओढून, तपासनिसांच्या प्रमुख बाई बसल्या. त्यांचं टोपणनाव चाळणी, कारण त्यांच्या हातून खडा सुटत नसे. त्यांच्यामागे प्रोग्रामरांतला सर्वांत वेगवान माणूस, त्याला तुफान म्हणत. दोरीवरचे चिमटे सकाळीच उतरवून एका मगात ठेवले होते.

ताईनं जुन्या सातही डेटाबेसची रचना एका फाइलीत जपून ठेवली होती. मग तिनं पुसायची आज्ञा दिली. सात ओळी, सात शून्यं. तुफानच्या तोंडून बारीक शिट्टी निघाली. ‘ताई, आता मागे फिरायला रस्ता नाही.’

‘फिरायचंय कोणाला?’ ताई म्हणाली, आणि बटण दाबलं.

पडद्यावर सात पट्ट्या डावीकडून उजवीकडे भरू लागल्या. फाइल एक, दोन, तीन. पन्नास. एकशे दहा. मागचे लोक आकडे मोठ्यानं वाचू लागले, लहान मुलं पायऱ्या मोजतात तसे. दोनशे चाळीसला पाच नंबर जरा रेंगाळला आणि सगळ्यांचे श्वास रेंगाळले. मग तो धावत इतरांना जाऊन मिळाला. तीनशे अठ्ठावीस ही शेवटची फाइल. त्यानंतर टेस्टसाठी लागणारी नमुन्यादाखल माहिती भरली गेली. घड्याळात पाहिलं तर नऊ मिनिटं झाली होती. ज्या कामाला ताईचा अख्खा शुक्रवार जायचा त्याला नऊ मिनिटं. ताईची कानशिलं तापली होती. पाणी प्यायला हवं हे तिला कळत होतं, पण नजर हटत नव्हती.

आता टेस्ट. सहाशे बारा, सातही ठिकाणी, एकाच वेळी. असं याआधी कधी झालं नव्हतं. प्रत्येक गट आपापल्या वाटणीच्या टेस्ट आपल्याच नंबरवर चालवायचा. हिरवे ठिपके उगवू लागले. तुफाननं पैज लावायला सुरुवात केली, कोणी घेईना. सव्वातीनला सहाशे अकरा हिरवे झाले.

सहाशे बारावा लाल झाला.

टेस्ट होती महिन्याच्या अहवालाची. तीस सेकंदांत अहवाल यायला हवा; सहा मिनिटं झाली तरी येत नव्हता. आणि एका ठिकाणी नाही, सातही ठिकाणी. साहेब मागच्या मागे दाराकडे वळले. कोणीतरी सवयीनं पुटपुटलं, ‘पण ही तर चार नंबरवर...’ आणि गप्प झालं.

ताईनं चष्मा वर सारून डोळे चोळले. तेवढ्यात चाळणीबाई पडद्याजवळ वाकल्या, एकेका पट्टीवर बोट ठेवत सातपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, वेडे, रडतेस काय. सातही ठिकाणी तेच पडलंय. सोळा वर्षं मी इथे आहे, माझे सात डेटाबेस कधी एकाच गोष्टीवर एकत्र पडलेले पाहिले नाहीत.’

ताई रडत नव्हती, पण त्यावरून तिनं वाद घातला नाही. तिचं डोकं खटकन जागेवर आलं. सातही एकसारखे आहेत, म्हणजे यंत्रणा बरोबर आहे. मग जुन्या चार नंबरात असं काय होतं जे रेपोत नाही? तिनं जपून ठेवलेली जुनी रचना उघडली आणि नव्या रचनेशी ओळीला ओळ लावली. बोटं इतकी भराभर चालत होती की तुफानसुद्धा मागे पडला. टेबलं तीच. रकाने तेच. राहिल्या सूच्या. पुस्तकाच्या शेवटी शब्दांची सूची असते, तशी डेटाबेसलाही करून देता येते. ती असली की हवी ती नोंद पानं न चाळता सापडते. रेपो भरताना तिनं एक नंबरच्या सूच्या प्रमाण धरल्या होत्या, इतरांकडच्या जास्तीच्या कचरा म्हणून सोडल्या होत्या.

चार नंबरवर एक सूची जास्त होती. तारखेनुसार रक्ताचे नमुने शोधणारी. नावात टेबलाचं नाव, मग दिवस-महिना-वर्ष, मग ‘तात्पुरती’. नावात तारीख घालायचा नियम ऑफिसात एकाच व्यक्तीनं आणला होता आणि तो पाळणारी व्यक्तीही एकच होती.

तारीख तीन वर्षांपूर्वीची. ताईला तो दिवस आठवला. अहवाल हळू येत होता, एका ग्राहकाला दाखवायचा होता, मुलीच्या शाळेतून फोन आला होता की ताप आहे, घेऊन जा. तिनं चार नंबरवर हातानं एक ओळ चालवली, अहवाल आला, आणि ती पर्स उचलून धावली. चिमटा लावला नव्हता. वहीत लिहिलं नव्हतं. तेव्हापासून ती टेस्ट सगळे फक्त चार नंबरवर चालवत, कारण तिथे ती चालायची.

तिला गप्प राहता आलं असतं. सूची रेपोत टाकली असती, कोणी नाव वाचलंही नसतं. ती उभी राहिली.

‘हे मी केलंय,’ ती म्हणाली. ‘तीन वर्षांपूर्वी, हातानं, कोणाला न सांगता. तुम्हाला ज्यावरून बोलते तेच.’

तुफाननं दोन्ही कानांना हात लावले आणि सगळे फिसकन हसले. साहेब मात्र हसले नाहीत. ते दारातून परत आले होते. महिन्याच्या अहवालाला आठ-आठ मिनिटं लागतात, अशी तक्रार लॅबवाले तीन वर्षं करत होते, आणि प्रत्येक वेळी साहेब स्वतः त्यांना सांगत, आमच्याकडे तर वीस सेकंदांत येतो, तुमचं इंटरनेट तपासा. ग्राहकांकडे ही सूची कधी पोचलीच नव्हती.

‘म्हणजे ते खरं बोलत होते,’ साहेब म्हणाले.

‘हो,’ ताई म्हणाली.

‘किती वेळ लागेल?’

ताई केव्हाच लिहायला बसली होती. फाइल क्रमांक तीनशे एकोणतीस. एक ओळ सूचीची, आणि वर कारण: ‘ही सूची मी तीन वर्षांपूर्वी फक्त चार नंबरवर केली, नोंद केली नाही. आता सगळीकडे.’ खाली स्वतःचं नाव. फाइल रेपोत गेली. यंत्रणेनं ती उचलली. सात पट्ट्या एकदम सरकल्या. अहवालाची टेस्ट पुन्हा सुरू झाली तेव्हा चार वाजायला बारा मिनिटं होती. एकोणीस सेकंद. वीस. अठरा. सातही हिरवे झाले. चाळणीबाईंनी ताईच्या पाठीत असा धपाटा घातला की तिचा चष्मा पडता पडता राहिला.

साहेबांनी विक्रेत्याचं कार्ड खिशातून काढून केराच्या टोपलीत टाकलं. मग म्हणाले, ‘उद्या पुन्हा कोणी घाईत असेल. कोणाची मुलगी आजारी असेल. तेव्हा?’

‘हातानं बदलायची परवानगीच काढून घेऊ,’ ताई म्हणाली. ‘बदल रेपोतून येईल, नाहीतर येणार नाही.’

‘सगळ्यांची? तुमचीसुद्धा?’

‘माझी आधी.’

तिनं परवानग्यांची यादी उघडली. पहिलं नाव तिचं होतं, एकोणीस वर्षांपासून. तिनं ते काढलं. मग, खरंच निघालं का हे बघायला, चार नंबरवर हातानं एक रकाना वाढवायची आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबलं.

परवानगी नाही, असं पडद्यावर आलं.

तिनं तीच आज्ञा पुन्हा दिली. पुन्हा तेच उत्तर आलं. ‘बघा, मलासुद्धा नाही म्हणतोय,’ ती म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की ती तिसऱ्यांदा टाइप करायला लागली.