जवाईबुवांचा सोपा रस्ता

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला, तेव्हाच मला कळलं, यंदाची सुट्टी गेली! आमच्या घरात असे किस्से खरकट्या भांड्यांसारखे साचतात. एक घासून ठेवावं तर दुसरं हजर. आणि बहुतेक सगळे अकोल्याच्या जवाईबुवांचे, म्हणजे माझ्या नणदेच्या नवऱ्याचे.

"चिखलदऱ्याले चला! मोबाईलवर एक पॉइंट पाहून ठेवला. फॅमिलीसाठी एकदम इझी रस्ता. लेकरूही चालते!"

लेकरू म्हणजे माझी तीन वर्षांची पिहू. चिखलदरा म्हणजे पावलोपावली दरी. नवऱ्याला म्हटलं, "पोरगी लहान आहे. नाही म्हणा ना."

"जवाईले नाही म्हणते का कोणी?"

झालं! सासूबाईंना घेऊन अमरावतीहून निघालो; जवाईबुवा अकोल्याहून एकटेच येऊन मिळाले.

*

तिथं गाडीतून उतरताच मी ओढणीचं एक टोक पिहूच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या मनगटाला.

"काहून वहिनी, बकरी चारायले आणली का?" जवाईबुवा म्हणाले.

सगळे हसले. सासूबाई तर डोळे पुसत हसल्या. जवायाच्या विनोदाला त्या नेहमी थोडं जास्तच हसतात.

*

वाटेत भाजलेली कणसं घेतली. एक माकड समोर येऊन बसलं.

"भ्यायचं नाही. डोळ्यात डोळे घालून पाहायचं. आपोआप पळते."

जवाईबुवांनी पाहिलं. माकडानंही पाहिलं. मग त्यांच्या हातातलं कणीस घेऊन ते आरामात झाडावर गेलं.

"मीच देल्लं त्याले. भुकेलं होतं."

"मोठं मन आहे बाई!" सासूबाई म्हणाल्या.

*

पॉइंटवर नुसतं धुकं. जवाईबुवांनी बोट केलं, "तो पाहा किल्ला! काय बांधकाम आहे!"

आमचे हात जोडायचेच बाकी होते. तेवढ्यात धुकं हललं. पाण्याची टाकी!

*

मग त्यांना फोटो सुचला. "पोरीले कठड्यावर बसवा. मागं दरी. झकास येते!"

आणि माझ्या नवऱ्यानं पिहूला उचलायला खरंच हात पुढे केले! मी ओढणी खेचून पोरीला कवेत घेतलं.

"नाही."

"अवं, जवाई आहेत ते!" सासूबाई कुजबुजल्या.

"असतील. पोरगी माझी आहे."

लग्न झाल्यापासून जवाईबुवांनी आमच्याकडे 'नाही' हा शब्द ऐकलाच नव्हता. ते रुसले. "मी शॉर्टकटनं जातो," म्हणून पायवाट सोडून ओल्या गवताच्या उतारावर निघाले. पायात नवे पांढरे बूट!

*

"वहिनी! ओ वहिनी!"

पाहते तर जवाईबुवा खाली एका झुडपाला मिठी मारून बसलेले. बूट घसरत होते. नवऱ्याचा हात पुरेना. मी पिहूची गाठ सोडली, तिला सासूबाईंच्या कडेवर दिलं आणि ओढणी खाली टाकली.

"कमरेले बांधा, अन् रांगत या."

त्यांनी गुपचूप बांधली. आम्ही नवराबायको वरून ओढून राहिलो. जवाईबुवा चार पायांवर वर येऊ लागले, तशा पिहूनं टाळ्या पिटल्या.

"आई, मोठी बकरी!"

सासूबाई तोंडाला पदर लावून टाकीकडे पाहू लागल्या.

गाडीपाशी आल्यावर जवाईबुवा हळूच म्हणाले, "वहिनी, हे अकोल्यात कोणाले सांगू नका बरं."

मी कबूल केलं. आता शब्द तर मोडता येत नाही. म्हणून तुमचं कोणी अकोल्यात असेल, तर तेवढं तुम्हीच सांगा!