ओशिरुको, शेवगाव पद्धतीची

आमच्या घरात जपानी पदार्थ आजवर एकदाच शिजला आणि त्यात कोणी दगावलं नाही, हे मी आधीच सांगून टाकतो.

मी भूगोलाचा मास्तर. शेवगावात अकरावी-बारावीच्या पोरांना जपान शिकवण्यात माझी हयात गेली. बेटं, भूकंप, ज्वालामुखी, मासेमारी! जपानला मी कधी गेलो नाही, पण तशी गरजही वाटली नाही. फळ्यावर जपानचा नकाशा मी डोळे मिटून काढत असे. (सर तो खरोखरच डोळे मिटून काढतात, असं मागच्या बाकावरून ऐकू येई. दुर्लक्ष करणं हाही अध्यापनाचा भाग आहे.)

आमची एकुलती एक लेक ऋतुजा पुण्यात जपानी भाषा शिकली आणि सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका जपानी कंपनीत दुभाषी म्हणून लागली. साहेब जपानीत ओरडणार, ही ते कामगारांना मराठीत सांगणार. कामगार मराठीत जे काही म्हणतील, ते ही जपानीत थोडंसं धुऊन-पुसून साहेबांना सांगणार. एके दिवशी तिचा फोन आला.

"बाबा, येत्या रविवारी आमचे ओकाडा साहेब आपल्याकडे जेवायला येतायत. त्यांना इथलं घरगुती जेवायचंय. आईला म्हणावं साधंच कर. पिठलं, भाकरी, भरीत."

"येऊ देत की! मी आहे ना!"

"तीच तर भीती आहे. बाबा, नीट ऐका. कंपनी वर्षभरासाठी एका दुभाष्याला जपानला पाठवणार आहे. कोणाला पाठवायचं, ते हेच साहेब ठरवणार आहेत. तेव्हा हात जोडते, काही करून दाखवू नका!"

आता बापाला 'काही करून दाखवू नका' म्हणणं म्हणजे उधळलेल्या बैलाला 'जरा बेतानं' म्हणण्यासारखं आहे. मी त्याच संध्याकाळी मोबाईल घेऊन बसलो आणि मला ओशिरुको सापडली.

ओशिरुको म्हणजे जपानी लोकांचं गोड सार. लाल रंगाचं एक बारीक कडधान्य मऊ शिजवायचं, त्यात साखर घालायची, वाटीत गरमगरम ओतायचं आणि वरून तांदळाचा चिकट गोळा सोडायचा. व्हिडिओतली जपानी बाई ती खाताना डोळे मिटून अशी काही हसत होती, की मला ऋतुजाचं विमान उडताना दिसलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं, "सुनंदा, रविवारी ओशिरुको!"

"शिरूरको? शिरूरला कशाला?" बायको म्हणाली.

"शिरूर नव्हे! ओशिरुको! जपानी पक्वान्न आहे." मी तिला सगळी कृती समजावून सांगितली.

"म्हणजे आमटीत साखर घालायची आणि मोदकाची उकड बुडवायची."

"त्याला संस्कृती म्हणतात!"

"म्हणा. पण ती तुमची तुम्ही करा. माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही."

पहिला प्रश्न कडधान्याचा. त्या जपानी दाण्याचं नाव सांगितल्यावर किराणा दुकानदारानं मला राजमा, मसूर आणि शेवटी बाहेरचा रस्ता दाखवला. तेवढ्यात मला आमचे शेजारी अण्णा आठवले. अण्णांची शेती गावाला लागूनच. पेरणीचे दिवस होते, गडी घाईत होता. मी कुंपणावरूनच विचारलं, "अण्णा, लाल रंगाची बारीक चवळी मिळेल का? किलोभर पुरे."

"हाय की, सर! कालच आनलीया. येकदम लालभडक."

"चांगली आहे ना? जपानी साहेबांसाठी हवीय."

"लई जोमदार! येक दाना वाया जायाचा न्हाई. चौथ्या दिवशी बगा, कशी वर येती!"

चौथ्या दिवशी वर येण्याचा आणि पचनसंस्थेचा काय संबंध, हे मला नीट कळलं नाही. पण शेतकऱ्याच्या बोलण्यात रांगडेपणा असायचाच, असं म्हणून मी पिशवी घेऊन आलो आणि शनिवारी ते दाणे पातेल्यात भिजत घातले. काय सांगू! पाणी असं लाल झालं, की जणू रंगपंचमी!

"बघ, बघ! आला की नाही रंग?" मी सुनंदाला पातेलं दाखवलं.

तिनं वास घेतला. "अहो, याला फवारणीच्या पंपासारखा वास येतोय."

"जपानी जेवणाचा वास वेगळाच असतो!"

रविवारी सकाळी अण्णा कुंपणापाशी आले. "काय सर, घातलं का बी?"

"घातलं की!"

"किती खोल?"

"चांगलं वर बोटभर पाणी येईल इतकं."

"पानी? आत्ताच कशाला पानी? कुठल्या वाफ्यात घातलंय?"

"वाफ्यात नाही हो, पातेल्यात! आता कुकरला लावतो. वाफ त्याच्यातच."

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "सर! आवो, ते पेरायचं बियानं हाय! त्याला किडीचं औषिद चोळल्यालं हाय! मला वाटलं, साहेबाला परसात लावून दावायचीय!"

मागून सुनंदा शांतपणे म्हणाली, "चांगलं झालं. नाहीतर साहेब जपानला परत गेले नसते आणि आपण तिघं दवाखान्यातून घरी परतलो नसतो."

मग अण्णांनी ते पातेलं पाण्यासकट उचललं, दूर बांधाकडेला खड्डा करून पुरलं आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं, की मी बारावीला शिकवत होतो यावरचा त्यांचा विश्वास कायमचा उडालेला दिसला. पातेल्याबद्दल सुनंदा जे बोलली, ते मी इथं देत नाही.

साहेब बाराला येणार. साडेदहा वाजलेले. शहाण्या माणसानं इथं थांबायचं असतं. मी थांबलो नाही, कारण माझा गोळा तयार झाला होता!

व्हिडिओत दोन तगडे जपानी शिजवलेला भात मोठ्या उखळात लाकडी मोगरीनं कुटत होते. माझ्याकडे खलबत्ता होता आणि मी एकटाच होतो. आमचा इंद्रायणी तांदूळ कुटून म्हणावा तसा चिकट होईना, म्हणून मी डोकं लढवून त्यात भिजवलेला साबुदाणा शिजवून घातला. नंतर बत्ता खलातून निघेना. सुनंदानं खल पायात धरला, मी बत्ता ओढला, तेव्हा कुठं दोघं वेगळे झाले. (दोघं म्हणजे खल आणि बत्ता.)

"यानं पंक्चर काढता येतील," ती म्हणाली आणि वांगी भाजायला मागच्या चुलीकडे गेली.

ओट्यावर तिचा कुकर होता. झाकण काढून पाहिलं, तर आत हुलगे शिजलेले! बारीक, गोल, तांबूस. ज्यांना हुलगे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, यालाच कोकणात कुळीथ म्हणतात. इकडे ते बैलही खातात आणि आम्हीही खातो. मी निम्मे हुलगे दुसऱ्या भांड्यात काढले, घोटले आणि त्यात हात सैल सोडून साखर घातली, गूळही घातला. सुनंदानं आमटीसाठी ते शिजवतानाच त्यात आलं, लसूण आणि हिरव्या मिरच्या वाटून टाकल्या होत्या, हे मला कोण सांगणार? चव घेऊन बघायची, हे मला सुचलं नाही. चव आचाऱ्यानं बघायची असते. मी तर संस्कृती शिजवत होतो!

बारा वाजता गाडी आली. ओकाडा साहेब साठीचे, बारीक अंगाचे, अतिशय नम्र. ते कमरेत वाकले. मी त्यांच्याहून जास्त वाकलो. ते आणखी वाकले. ऋतुजानं मला दंडाला धरून सरळ केलं नसतं, तर आम्ही दोघं उंबऱ्यावर आपटलो असतो.

मी स्वागताचं भाषण तयार ठेवलं होतं. "आपल्या देशात वारंवार भूकंप होतात, त्सुनामी येतात, ज्वालामुखी फुटतात, खनिज संपत्ती जवळजवळ नाही, तरीही आपण इथवर आलात..." असं मी पाच मिनिटं बोललो. ऋतुजानं त्याचं जपानीत भाषांतर केलं. ते दोन शब्दांचं झालं. भाषा किती संपन्न असावी!

मग सगळे बसले आणि मी ताटांच्या आधी गोळे सोडलेल्या दोन वाट्या आणल्या, एक माझ्यासाठी. "ओशिरुको!" असं म्हणून दुसरी साहेबांपुढे ठेवली. साहेब चमकले. ऋतुजाचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा! हे काय आहे?"

"त्यांना विचार, ओळखतात का!"

साहेबांनी हात जोडले, वाटी उचलली, एक घोट घेतला. त्यांच्या कपाळावर घाम आला. (मिरच्या लवंगी होत्या.) मग ते खूप वेळ, अगदी हळू आवाजात, जपानीत काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"छान आहे म्हणाले."

साहेबांनी गोळा चुकवत वाटी रिकामी केली. आता आपल्याकडे पाहुण्याची वाटी रिकामी दिसली की यजमानानं काय करायचं असतं? मी वाढलं. साहेबांनी डोळे मिटून तीही संपवली. मी पुन्हा वाढलं. साहेब माझ्याकडे बघून पुन्हा लांबलचक काही बोलले.

"आता काय म्हणाले?"

"त्यांना त्यांच्या आजीची आठवण आली." मग ऋतुजा माझ्या कानाशी येऊन दातओठ खात पुटपुटली, "बाबा, वाढू नका! त्यांच्यात पानात टाकणं वाईट समजतात. तुम्ही वाढाल तोवर ते खातील!"

"अगं, आवडलंय त्यांना! चवीवर खलास झालाय माणूस!"

"तेच म्हणतेय मी!"

मग ती साहेबांशी जपानीत झटपट काही बोलली. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि वाटीत तांदळाचा गोळा तसाच ठेवून हात आवरले. मला राहवेना. "अहो साहेब, गोळा राहिला! सगळी गंमत तर गोळ्यातच आहे! हे असं खायचं!" असं म्हणून मी माझ्या वाटीतला गोळा उचलला, तोंडात कोंबला आणि कचकन चावला.

तो सुटेना. मी जबडा उघडायला गेलो, उघडेना. नाकानं श्वास घेत, साहेबांकडे बघून हसण्याचा प्रयत्न करत मी गोळ्याचं बाहेर राहिलेलं टोक धरून ओढलं. गोळा लांब झाला. आणखी ओढलं, आणखी लांब झाला. मग 'टक्' असा आवाज झाला आणि सगळा ऐवज माझ्या हातात आला. गोळा आणि त्यात घट्ट रुतलेली माझी वरच्या दातांची कवळी! अख्खी! साहेबांकडे बघून हसणारी!

सुनंदानं भरिताचं पातेलं जिथल्या तिथं खाली ठेवलं. ऋतुजानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला जपानला जाणारं विमान परत उतरताना दिसलं.

आणि ओकाडा साहेब हसले. आधी खांदे हलले, मग पोट, मग ते भिंतीला टेकले आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसले. स्वतःच्या जबड्याकडे बोट दाखवून ते काही सांगू लागले.

"त्यांच्या वडिलांची कवळीसुद्धा सणाच्या दिवशी अशीच गोळ्यात अडकली होती म्हणतात," ऋतुजा म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे खरंच म्हणाले, बाबा."

"मग पयल्यांदा काय म्हनाले होते?" मी बोळक्यानं विचारलं. (दात नसले की माझी भाषा थेट अण्णांवर जाते.)

ऋतुजानं सांगितलं नाही. सुनंदानं पिठलं-भाकरी वाढली, साहेबांनी ठेच्यासकट पोटभर खाल्लं आणि सुनंदानं फक्त एकदाच विचारून वाढणं थांबवलं. मी स्वयंपाकघरात कवळी गरम पाण्यात भिजवत बसलो होतो.

पुढं महिन्याभरात ऋतुजाची निवड झाली. तेव्हा तिनं सगळं सांगितलं. पहिल्या वाटीला साहेबांनी विचारलं होतं, "हे औषध आहे का? आणि ते जेवणाआधी घ्यायचं असतं का?" पुढच्या वाटीला विचारलं होतं, "तुझ्या वडिलांचा माझ्यावर काही राग आहे का?"

"आणि निवड कशी काय झाली मग?"

"साहेब म्हणाले, माझं बोलणं तू ज्या शांतपणे दाबून टाकलंस आणि तुझ्या वडिलांचं मला कळू दिलं नाहीस, तशी दुभाषी आम्हाला मुख्य कार्यालयात हवी. तिथं रोज दोन खाती भांडतात."

लेक जपानला गेली आणि माझ्या जुन्या कॉलेजनं माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा. मुख्य पाहुणे म्हणाले, "सरांनी लेकीला परदेशात कसं पाठवलं, याचं रहस्य त्यांनीच उलगडावं." समोर दोनशे पालक वह्या उघडून बसलेले. मी उभा राहिलो, कवळी जिभेनं दाबून पक्की केली आणि म्हणालो, "कष्ट, शिस्त आणि संस्कार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लसूण घातलेल्या गोड हुलग्यांचं नाव घ्यावं, असं मनात आलं होतं. पण तेवढा गुण लेकीनं माझ्याकडूनच उचललेला दिसतोय, की खरं बोलण्याची वेळ आली की 'छान आहे' म्हणायचं आणि खाली बसायचं.