दादानं निवडलेले तीन संशयी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुलगावला बहिणीकडे होते. अनोळखी आवाज म्हणाला, "तुमचे भाऊ सावंगीच्या दवाखान्यात वारले." मी फोन कापला आणि वहिनींना लावला. कोणतीही बातमी दुसऱ्या तोंडून ऐकल्याशिवाय खरी मानायची नाही, ही दादाचीच शिकवण. वहिनी नुसत्या रडल्या... मग मात्र मानावंच लागलं.

प्रकाशदादा माझा चुलतभाऊ. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन पिपरी मेघेत आमच्या शेजारीच राहायचा. स्वभावानं पक्का संशयी. दूधवाल्यावर संशय, मीटर वाचणाऱ्यावर संशय, गोड बोलणाऱ्यावर तर दुप्पट. आमच्या वस्तीचा एका मोठ्या कंपनीच्या ॲपवर गट होता. त्यात विहार बांधतानाचे जुने फोटो होते, म्हाताऱ्यांच्या आठवणी होत्या, निवृत्त नर्स सुनंदाताईंच्या आईनं गायलेली गाणी होती. एका सकाळी तो गट नाहीसा झाला. नियम मोडला, एवढंच उत्तर आलं. कोणता नियम, कोणी मोडला, विचारायला समोर माणूसच नव्हता. सुनंदाताईंच्या आईचा आवाज दुसरीकडे कुठेच जपलेला नव्हता. तक्रार कोणी केली असेल, म्हणून दादानं अख्खी वस्ती नजरेखाली घातली. कोणीच सापडलं नाही. मग एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"शालू, दुसऱ्याच्या वावरात मांडव टाकला ना आपण, तो उठ म्हणते तवा उठाच लागते. आपली जागा आपणच करू."

आणि त्यानं ती केली. निवृत्तीनंतर डोळ्यांवर चष्मा चढवून शिकत बसला. मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर मांडून त्यावर वस्तीची वेबसाइट उभी केली. अशा जागा ठिकठिकाणी लोकांनी केल्यात, असं तो सांगायचा. प्रत्येकीचं घर वेगळं, पण एकीवर लिहिलेलं दुसरीवरून वाचता येतं, उत्तर देता येतं. सगळ्यांचा मिळून मालक असा कोणीच नाही.

हे "मालक नाही" लोकांना पटेना. समाजमंदिरातल्या बैठकीत हार्डवेअरवाले रमेशभाऊ उभेच राहिले. "फुकटात कोणी काई करते का? आमचं सारं तुमच्या घरच्या डब्यात. तुम्ही वाचून नाई राह्यले कशावरून?"

मला वाटलं, दादा भडकणार. तो चक्क खूश झाला. "बरोबर बोलले. माझ्यावर भरोसा ठेवूच नका." तिथल्या तिथे त्यानं ठरवलं की पासवर्ड आणखी तिघांकडे राहील : रमेशभाऊ, सुनंदाताई आणि मी. आम्हा तिघांचं आपसात कधीच पटलेलं नव्हतं. घरी आल्यावर मी विचारलं, "आम्हीच काऊन?"

"दोस्त एकमेकाचं झाकतात," तो म्हणाला. "तुम्ही नाई झाकणार."

गाणी, सभांच्या सूचना, वाढदिवस, भांडणं... साइट भरत गेली. सुनंदाताई वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना बसवून त्यांचे आवाज भरून घेऊ लागल्या.

दादा गेला आणि त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी साइट बंद पडली. माझ्या डोळ्यांपुढे सरळ रमेशभाऊ आले. तेवढ्यात त्यांचाच फोन. "ताई, खरं सांगा, तुम्ही तं बंद नाई केली?" आम्ही दोघं दादाच्या दारात पोहोचलो तर सुनंदाताई आधीच तिथे, घामानं निथळत. "एकदा आईचा आवाज गेला माझा," त्या म्हणाल्या. "आता या साऱ्या बायांचा घालवला का तुम्ही?"

कोणी कोणाला एकटं आत जाऊ देईना. शेवटी तिघंही एकदमच त्या खोलीत शिरलो. मे महिना, घर पाहुण्यांनी भरलेलं. कोणीतरी कूलर लावायला कॉम्प्युटरचा प्लग काढून ठेवला होता. कोणी, ते कोणीच कबूल केलं नाही. दादा असता तर छडा लावल्याशिवाय जेवला नसता.

प्लग लावला. बराच वेळ नुसता काळा पडदा... मग साइट उघडली. सुनंदाताईंनी एक गाणं लावलं आणि पुरतं ऐकून घेतलं. खाली दुसऱ्या जागांवरून आलेला मजकूर भराभर उतरत होता. दादाला कधी न भेटलेली माणसं विचारत होती, पिपरीचे प्रकाशराव गप्प का आहेत? उत्तर रमेशभाऊंनी लिहिलं. आम्ही दोघींनी ते तपासलं, मगच पाठवू दिलं.

त्या खोलीतली दादाची खुर्ची अजून दाराकडे तोंड करून आहे, म्हणजे मागून कोणी यायला नको. वहिनी ती हलवू देत नाहीत. परवा मी गेले तर खुर्चीत रमेशभाऊ बसलेले. मला पाहताच त्यांनी दोन्ही हातांनी पडदा झाकला.

"काय लिहून राह्यले?" मी विचारलं.

"दादाबद्दल," ते म्हणाले. "झाल्यावर वाचजा. तवर तिकडं तोंड करून बसा."

मी भिंतीकडे तोंड करून बसले.