लाडूच्या झाकणावरची सुपारी

राजाभावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, पोस्टात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर नाचणे गावातल्या आमच्या घरातली मागची खोली त्यांची झाली. स्वभावाने सरळ, हाताने हुशार. खोड एकच, झाकलेली वस्तू त्यांना झाकलेली बघवत नाही. कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण चाचपतील. दोडक्याचं बी पेरलं तर मोड आला का म्हणून उकरून बघतील. मे महिन्यात पेंढ्यात आंब्याची अढी लावली की रोज हात घालून एकेक आंबा दाबणार. मग निम्मे आंबे पिकायचे सोडून सुरकुततात.

माझी मुलगी मनस्विनी पुण्याला नोकरीला लागली आणि तिचा साप त्यांच्याकडे आला. हो, साप. आपल्याकडचा नव्हे, तो पाळणं गुन्हा आहे. हा आफ्रिकेतला, बिनविषारी, बॉल पायथन नावाचा, रीतसर नोंदणी केलेला. भ्याला की अंगाची गुंडाळी करून डोकं आत घेतो, म्हणून त्याचं नाव लाडू. मी आधी बरेच दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. भावोजी मात्र त्याला पेपर वाचून दाखवायला लागले. इतकी वर्षं त्या खोलीतून बोलण्याचा आवाज म्हणून येत नसे. तो यायला लागला, मग मीही गप्प बसले.

आधीची पेटी लहान पडते म्हणून भावोजींनी जुन्या काचेच्या कपाटाचं त्याला घर केलं. वर लाकडी झाकण, बाजूला पाण्याच्या वाटीपुरतं दार. तळाला नारळाच्या सोडणाचा भुसा आणि एका बाजूला ऊब देणारी चटई. लपायला म्हणून फुटका मोठा माठ आडवा ठेवला. लाडू काही त्यात गेला नाही. कोपऱ्यात नाक खुपसून बसला आणि खाणं सोडलं.

मनस्विनी फोनवर हसली. "काका, माठ म्हणजे त्याला सभागृह झालं रे! त्याला अंगाला लागेल अशी जागा हवी. आणि दोन हव्यात. एक उबेच्या बाजूला, एक गारव्याला. नाहीतर लपायला मिळतं म्हणून गारठत बसेल बिचारा."

भावोजींनी गोठ्यावरची दोन जुनी नळीची कौलं काढली, धुतली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि दोन्हींचं एकेक तोंड चिऱ्याच्या तुकड्याने बंद केलं. लाडू त्याच संध्याकाळी कौलाखाली शिरला. पण खाईना. त्याच्या खाण्यासाठी भावोजींनी वेगळ्या फ्रीजमध्ये गोठवून ठेवलेला उंदीर कोमट करून ठेवावा आणि तसाच उचलून टाकावा, असं चाललं.

"दिवाळीला मी येईपर्यंत खाल्लं नाही, तर त्याला ठाण्याला मैत्रिणीकडे देते," मनस्विनी म्हणाली. "तिला सवय आहे. काका, तू कौल उचलून बघत नाहीस ना?"

"छे गं!"

मी भाजी चिरत ऐकत होते. झाकणाची करकर तर दिवसभर माझ्या कानावर यायची. पूजा झाली की, चहाच्या आधी, चहाच्या नंतर.

"भावोजी, अढी आहे का ती?"

"जिवंत आहे ना, एवढंच बघतो, वहिनी."

"तुम्ही हात घातलेला आंबा कधी पिकलाय?"

ते एकदम खाली बसले. "कळतं हो. पण हात ऐकत नाही." मग पेपरची घडी घालत म्हणाले, "ठाण्याला गेला की मग काय, पेपर मनातच वाचायचा."

त्या रात्री मला ते वाक्य सोडेना. सकाळी आंघोळ करून मी मागच्या खोलीत गेले. लाडूच्या घराचं झाकण पुसलं, वर पाट मांडला, लाल वस्त्र, त्यावर तांदूळ आणि तांदळांवर सुपारीचा गणपती. गाऱ्हाणं घातलं, "बाबा, तुझ्या पोटाला साप बांधलेला असतो, तुला यांचं वावडं नाही. याला दोन घास खाऊ दे आणि आमच्या माणसाचे हात आवर." कोणी म्हणेल, देवाचा बहाणा केला. म्हणो. मी मनापासून मांडला होता.

भावोजी आले ते दारातच थांबले. "वहिनी, हे काय?"

"लाडूने खाल्लं की उत्तरपूजा. तोवर देव हलवायचा नाही."

"म्हणजे झाकण..."

"देवासकट कसं उघडणार?"

ते रोज यायचे, हात पुढे करायचे आणि तो हात नमस्काराला जोडायचे. बाजूच्या दारातून फक्त पाणी बदलायचे आणि ठरल्या दिवशी उंदीर ठेवायचे. मी गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवायची. खोलीत करकर नाही, नुसता पेपर वाचल्याचा आवाज.

एका संध्याकाळी मी दिवा लावत होते, तर भावोजी अनवाणी धावत आले. "वहिनी, घेतला! कौलातून नुसतं डोकं काढलं आणि घेतला, आत घेऊन गेला!" डोळे भरलेले आणि हसतही होते. मी देवाला हात जोडले.

फोनवर मनस्विनी ओरडली, "मग राहू दे त्याला तिथेच! माझ्यापेक्षा तुझ्याकडेच बरा आहे तो." भावोजींनी ते मला ऐकू यावं म्हणून फोन माझ्या कानाला लावला.

दुसऱ्या दिवशी मी उत्तरपूजेला ताम्हन, पळी घेऊन गेले. भावोजी पाटाशेजारी उभे.

"लगेच हलवताय?"

"मग? काम झालं की देवाचं."

"झालं खरं..." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "पण अजून थोडे दिवस बसला असता तर बरं होतं."

मी पळी ताम्हनात ठेवली आणि गूळखोबरं आणायला स्वयंपाकघरात परत गेले.