सगळ्याक चलता

धारगळला हायवेवर त्याचं दुकान आहे. खाण्याचे रंग, इसेन्स, चॉकलेटच्या लाद्या, साचे, सगळं मिळतं. गिऱ्हाईक काहीही विचारो, सुपारी कातरत, वर न बघता तो म्हणणार, "बाये, सगळ्याक चलता."

चवथीला मी पांढरं चॉकलेट वितळवून केशरी मोदक करायला घेतले. त्याने दिलेल्या बाटलीतला रंग पडला मात्र, अख्ख्या चॉकलेटचा खडबडीत गोळा झाला. जाब विचारला तर म्हणतो, "तुजो हात वलो आसतलो." शेजारणीलाही त्याने हेच ऐकवलेलं. आणि आम्ही दोघी खुळ्यासारख्या पदराला हात पुसत बसलो!

परवा मी दुकानात असताना त्याची बायको आतून आली. "अहो, चॉकलेटाक घालूक रंग जाय." तिने समोरची बाटली उचलली, तशी त्याने ती झटकन काढून घेतली. गल्ल्याखालून कोरड्या रंगाची डबी काढून तिला दिली. "बाटलेतलो नाका. तेत उदक आसता, चॉकलेटाचो गोळो जातलो."

माझं डोकंच फिरलं. दोन्ही हात मी त्याच्या अडकित्त्यासमोर आपटले.

"बघ! खंय वले आसात?"