'ले.' हेमराज

आंधळगावच्या शेवंताबाई धकातेचा सारा जन्म मागाच्या कांड्या भरण्यात गेला. नवरा टिकाराम लुगडी विणायचा, ही चरख्यावर बसायची. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या साली त्यांचा एकुलता एक हेमराज फौजेत भरती झाला. "माय, एक दिवस साहेब होऊनच येतो," म्हणायचा. नाईक झाला, बाहीवर दोन फिती चढल्या, आणि सीमेवर बर्फाचा कडा कोसळून त्याखाली गेला.

गावाने चौकाला त्याचं नाव दिलं. पाटी बाबुलाल पेंटरने रंगवली. आता या बाबुलालला काय म्हणावं! पाटी लहान, नाव लांब. 'लेट' लिहायचं तर गड्याने नुसतं 'ले.' लिहिलं, नाईक तर गाळूनच टाकलं. पंधरा ऑगस्टला आलेल्या पाहुण्याने उचलली जीभ, लावली टाळ्याला: "लेफ्टनंट हेमराज अमर रहे!" झालं! गावाने शेवंताबाईला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. तिला वाटलं, सरकारने मरणानंतर पोराला साहेब केलं. "साहेबाच्या मायनं रडू नाही," म्हणून ती डोळे कोरडे ठेवायची. टिकारामला खरं ठाऊक होतं. पण बायको तेवढ्यावर तग धरून आहे हे पाहून बिचारा गप्प बसला.

पुढे हेमराजच्याच पलटणीतला करडीचा लिलाधर सुट्टीवर भेटायला आला. तिघं चौकात गेली आणि पाटी वाचून तो थबकला.

"माय, हेमराज तं नाईक होता. हे 'ले.' म्हून लेफ्टनंट कोणं लिवलं?"

शेवंताबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. तशीच ती बाबुलालच्या दारी गेली.

"'ले.' म्हणजे काय गा, बाबुलाल?"

"काकू, लेट. म्हणजे... गेलेला." तो चाचरला. "पण राहू द्या ना. हेमराजचा मान मोठाच होऊन राहिला."

"तो लेफ्टनंट कोणाचा लेक होय, मले मालूम नाही. माहा पोरगा नाईक होता. तेच लिव, पुरं लिव."

बाबुलालने शिडी लावली, 'ले.' पुसलं आणि तिथे 'नाईक' रंगवलं. शेवंताबाईला अक्षरओळख नव्हती. तिने लिलाधरला वाचायला लावलं.

"नाईक हेमराज टिकाराम धकाते," त्याने मोठ्याने वाचलं.

लेफ्टनंटसाठी तिने एक टिपूस गाळलं नव्हतं. आता "माह्या नाईक पोरा गा!" म्हणत तिने भर चौकात हंबरडा फोडला. टिकारामने तिला उठवलं नाही. तोही तिच्याजवळ मातीत बसला आणि रडला.